डावीकडे मावळणारे सूर्य

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय एकतीस, अविवाहित, सूर्यामागे वळणारे सौर पॅनेल बसवून देण्याचा धंदा करणारी, असे लिहून ठेवते की पुढील मजकूर माझा आहे आणि तो लिहिण्यासाठी माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. वकीलबाईंच्या मसुद्यात येथे ‘बुद्धी शाबूत व चित्त स्थिर असताना’ असे शब्द होते. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. चित्त स्थिर नाही. ते शब्द मी खोडले आहेत, कारण पहिल्याच वाक्यात खोटे लिहिले तर पुढच्या कलमांवर कोण विश्वास ठेवील?

या गुरुवारी माझे एक मूत्रपिंड काढून माझ्या थोरल्या भावाला बसवणार आहेत. धोका कमी आहे, असे शल्यविशारद म्हणाले. कमी म्हणजे किती, हे मी विचारले आणि त्यांनी सांगितले. म्हणून हे मृत्युपत्र. यापूर्वी मी कोणतेही केलेले नाही.

कलम १. तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या मालकीच्या दोन खोल्या आणि त्यांना लागून असलेली गच्ची माझ्या पश्चात आईची. गच्चीच्या पश्चिमेकडच्या कठड्यालगत खालचे लोखंडवाले काका पाण्याची टाकी चढवू पाहतात. मी दर वेळी नाही म्हटले आहे. मी गेल्यावर ते तोंड पाडून पुन्हा येतील आणि “पोरगी गेली, आता तरी...” अशी सुरुवात करतील. आईने त्यांना चहा द्यावा, जागा देऊ नये. भीड भिकेची बहीण, हे तिनेच मला शिकवले आहे. पश्चिम मोकळी राहिली पाहिजे. का, ते पुढे येईल.

कलम २. बँकेतली शिल्लक आईला. धंद्यातला माझा हिस्सा आणि सर्व हत्यारे माझ्या भागीदारणीला. त्यात ते होकायंत्रही आले, जे तिच्या हातून पडून बिघडले आणि जे “आधीपासूनच तसं होतं” असे ती आजवर म्हणत आली. आता ते तिचेच होईल, तेव्हा खरे बोलायला हरकत नसावी. हत्यारांपैकी फक्त कोनमापक तिला नाही. तो भावाला. त्याला त्याची गरज आहे.

कलम ३. हे कलम कोणाला काही देण्यासाठी नाही. पुढचे कळावे म्हणून आहे.

माझ्या भावाला आई भिंगरी म्हणते. मला तो मोजपट्टी म्हणतो. वडील गेल्यावर घरात कोणी थांबायचे, यावर चर्चा झालीच नाही. तो निघाला आणि मी थांबले. पर्यटकांना जगातल्या उत्तमोत्तम जागी सूर्यास्त दाखवायला नेणे, हे त्याचे काम. असेही पोट भरता येते, हे मला बराच काळ पटले नव्हते. सूर्य बुडताच वाळू पायाखाली गार पडते ते वाळवंट, जिथे शेवटचा तुकडा पाण्यात गेला की अनोळखी लोक टाळ्या वाजवतात तो दीपगृहाचा कडा, सगळे गाव पायऱ्यांवर येऊन बसते तो डोंगर: या सगळ्याच्या छोट्या चित्रफिती तो आईच्या फोनवर पाठवी. जिथे जातो तिथे पुरते नेटवर्क नसते असे तो सांगे, म्हणून चेहरा दिसेल असे बोलणे नाही. नुसता आवाज आणि मागाहून फीत.

आई कपडे दुरुस्तीचे दुकान चालवते. काजे करता करता ती गिऱ्हाइकांना त्या फिती दाखवी आणि शेवटी म्हणे, “एक पोर सूर्य बघतं, दुसरं सूर्य मोजतं.” गिऱ्हाइके हसत. मी दुकानात असले तर दोऱ्याची रिळे लावत बसे आणि फोनकडे बघत नसे.

कलम ४. आईच्या वाढदिवसाला सगळ्या फिती जोडून घरच्या मोठ्या पडद्यावर लावाव्यात, एवढाच माझा विचार होता. त्यासाठी मी त्या प्रथमच एकामागून एक नीट पाहिल्या.

पृथ्वीच्या आमच्या, म्हणजे वरच्या, अर्ध्या भागात मावळता सूर्य सरळ खाली जात नाही. पश्चिमेला तोंड करून उभे राहिले तर तो उजव्या हाताकडे कलत बुडतो. हे मला मत म्हणून नाही, धंदा म्हणून ठाऊक आहे. माझे पॅनेल याच हिशेबाने वळतात. सुरुवातीच्या फितींत सूर्य उजवीकडे जात होता. मग एका फितीपासून तो डावीकडे जाऊ लागला आणि पुढे प्रत्येक फितीत डावीकडेच गेला. त्यातली एकच जागा पृथ्वीच्या खालच्या अर्ध्या भागातली होती. तेवढी चुकून बरोबर आली होती.

एका फितीत पक्षी शेपटीकडून उडत होते. एकीत धूर धुराड्यात शिरत होता. मी ती फीत उलटी चालवली. धूर बाहेर आला, पक्षी सरळ झाले आणि सूर्य उगवला.

मी उठले आणि पुन्हा बसले. त्यानंतर जी फीत लागली तिच्याखाली भावाने लिहिले होते, ‘आई, जगातलं सगळ्यात शांत सरोवर.’ काळोख्या काठामागे लांबलचक, एकही लाट नसलेले, तांबूस पाणी. त्या पाण्याच्या तिसऱ्या रांगेत एक चौकोनी खाच होती.

ती खाच मी ठेवली आहे. ते सरोवर म्हणजे शहरातल्या मोठ्या रुग्णालयाच्या धोबीखान्याचे छप्पर. तिथे हवा जायची चिमणी मध्ये येत होती, म्हणून मी एक पॅनेल गाळले. रात्रभर पॅनेल आडवे निजलेले असतात. वरच्या मजल्यावरून, पहिल्या उन्हात, पाण्यासारखेच दिसणार. माझा भाऊ जगाच्या दुसऱ्या टोकाला नव्हता. आमच्या घरापासून एका बसच्या अंतरावर, पूर्वेकडच्या खिडकीशी होता, आणि माझेच काम आईला सरोवर म्हणून दाखवत होता.

कलम ५. त्या छपरासमोरच्या इमारतीत डायलिसिसचा कक्ष आहे. मी गेले तेव्हा, पहाटेच्या पाळीत, खिडकीजवळच्या खुर्चीत, दंडातून नळ्या निघालेला तो बसला होता. इतका बारीक, की आधी मी पुढच्या खुर्चीकडे गेले. मागच्या गल्लीत खोली घेऊन तो राहत होता आणि फोनवर इतरांच्या सहली ठरवून देत होता. परत आलो असे सांगितले असते तर का आलो हेही सांगावे लागले असते, एवढेच त्याचे म्हणणे. परिचारिकेला त्याने माझी ओळख करून दिली, “ही मोजपट्टी. आता पकडले गेलो.”

मी म्हणाले, “दादा, सूर्य उलटा जातोय.”

“कुणाला कळतंय ते?”

“मला.”

त्याने मोकळ्या हाताने फोन पालथा घातला. मग म्हणाला, “तू बघतेस असं मला वाटलंच नव्हतं गं.”

माझी तपासणी करून घ्यायची आहे, असे मी परिचारिकेला सांगितले. भावाने तीन दिवस माझा फोन उचलला नाही, नंतर उचलला आणि भरपूर शिव्या दिल्या. त्या त्याला परत. मूत्रपिंड जुळले. ते हयातीत दिले जात असल्याने या मृत्युपत्रात त्याची वाटणी नाही.

कलम ६. ~~यातले काहीही आईला सांगू नये. मी कामासाठी परगावी गेले आहे, असे सांगावे.~~

हे कलम रद्द. खोडलेल्या ओळीशेजारी माझी सही आहे. कारण पुढीलप्रमाणे.

काल संध्याकाळी मी आईला गच्चीत नेले. माझे काही झाले तरी भावाने तिला पुन्हा फसवू नये, एवढाच हेतू. पश्चिमेला तोंड करून तिला उभे केले आणि सूर्य कुठल्या हाताकडे कलतो ते बघ, म्हटले. “मला आता शाळेत घालतेस का?” ती म्हणाली, पण बघत राहिली. लांबच्या गच्च्यांवरच्या टाक्यांमधल्या फटीतून सूर्य खाली गेला. उजवीकडे. ती खोलीत गेली. मी तारेवरचे कपडे काढत होते.

ती परत आली तेव्हा फोन दोन्ही हातांत धरलेला होता आणि फीत चालू होती. तिचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला होता.

“हे तूच बनवतेस ना? फोनवरचा आवाजही?” ती म्हणाली. “मला खरं सांग. तो आहे ना?”

माझ्या सगळ्या आकडेमोडीत ही शक्यता नव्हती. मी कोन तपासला, खाच ओळखली, इमारत शोधली. सूर्य खोटा निघाला तर आई पहिल्यांदा काय समजेल, हे माझ्या डोक्यात आले नाही. हातातले कपडे खाली पडले. “आहे, आई. आहे,” एवढेच मी पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. मग कठड्याला टेकून बसून तिला सगळे सांगितले. गुरुवारचेही.

आज, बुधवारी, पहाटे ती माझ्याबरोबर कक्षात आली. भावाला तिने आधी दंडाला नळ्या नसलेल्या बाजूने एक चापट मारली, मग त्याच्या खुर्चीच्या हातावर बसली. छपरावर ऊन आले. तिघांनी ते एकत्र पाहिले, सरळ, उलटे न करता. ती म्हणाली, “असंच पाठवायचंस की रे.” भाऊ रडला. परिचारिकेने यंत्राचा दाब बघितला आणि मला बाहेर जायला सांगितले, कारण रडत मीही होते, असे ती म्हणते.

कलम ७. बरा झाल्यावर भावाने जगातली कोणतीही एक जागा निवडावी, आईला सोबत न्यावे आणि सूर्यास्त दाखवावा. कोनमापक त्यासाठी. कोठे जायचे ते त्याने ठरवावे. बरोबर आहे की नाही ते आई सांगेल. तिला आता येते.

कलम ८. हे कलम आईने सांगितले म्हणून. घर, गच्ची, शिल्लक तिला नको आहे. तिचे शब्द: “मला भिंगरीही हवी आणि मोजपट्टीही. तसं लिही.” मृत्युपत्रात इच्छा लिहिता येते, मागणी नाही, असे मी तिला समजावले. ती म्हणाली, लिही. वकीलबाईंना विचारलेले नाही. लिहिले आहे.

आई आणि भाऊ यांना या मृत्युपत्राने लाभ होत असल्याने ते साक्षीदार होऊ शकत नाहीत. तरीही आईने कलम आठखाली सही केली आहे. ती साक्ष धरू नये. पण पुसूही नये.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार, आमच्या समक्ष सही झाली:
१. भागीदारीण (सही). साक्षीदार होता यावे म्हणून कलम दोनमधील सगळा हक्क मी सोडते, होकायंत्रासकट. ते माझ्याच हातून पडले होते.
२. डायलिसिस कक्षातील परिचारिका, पहाटेची पाळी (सही)

ठिकाण: घरची गच्ची, पश्चिमेचा कठडा.
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस. सूर्य आत्ताच गेला. उजवीकडे.