मी गाळलेली अट

मिरकाब, कुवेत. जुलै १९६१. रात्र.

आज मी एक वाक्य गाळले. मगरिबच्या नमाजानंतर दाऊदच्या दुकानात आपल्या रत्नागिरीकरांना रोजच्यासारखे इंग्रजी वर्तमानपत्र मराठीत वाचून दाखवत होतो. कुवेतला अरब राष्ट्रांच्या संघात घेतले. हे घडणारच, असे मी आठवडाभर ठणकावत होतो. म्हणूनच का घसरलो? पुढची अट वाचलीच नाही: इराकला अडवायला आलेल्या इंग्रजांच्या फौजा इथून जायला हव्यात. संघाची फौज येईल म्हणे. कधी, ते छापलेले नाही. तोवर इराक चालून आला तर?

"मास्तर बोलला तसाच झाला!" दाऊद हसला. "रस्त्यात लोकं नाचतायत. मग बायकोपोरांना कशाला धाडू गावाला?"

"घाबरटपणा करूच नकोस." हे मी म्हणालो. मीच.

त्याने बायकोपोरांची बोटीची तिकिटे तिथेच, गावी जायला धडपडणाऱ्या बशीरला दिली. अशिक्षित माणसे ऐकीव गोष्टींवर विसंबतात, असे मी नेहमी म्हणतो. दाऊद माझ्यावर विसंबला.

ते एक वाक्य सांगायला त्याच्या घरी गेलो. बायको ट्रंकेतले मुलांचे कपडे पुन्हा खुंटीला टांगत होती. "या मास्तर, चाय घेता?"

घेतला. बोट पहाटे सुटते, आणि मी चहाला छान म्हणून परत आलो.