मोरपिसाचा तरंगा

पवनी,
२ एप्रिल २००३

चि. जगदीश यास,
बाबांचे अनेक आशीर्वाद व जयभीम.

ओळी वाकड्या गेल्यात म्हणून हसू नको. नागपूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरने काचबिंदू सांगितला. गेलं ते परत येत नाही, म्हणाला. राहिलं आहे तेही पावसाळ्यापर्यंत टिकेल असं त्याला वाटत नाही. बरं झालं, हातमाग आधीच विकून टाकला. आता धागा तुटला तरी दिसणार कोणाला?

पण लेका, पाण्यावरचा गळाचा तरंगा अजून दिसतो. भर उन्हात, वैनगंगेचं पाणी पांढरं होतं ना, तेव्हा मोरपिसाचं काळं टोक दिसतं. म्हणून म्हणतो, यंदा मे महिन्यात ये. नेहमीसारखं करू. बुद्ध पौर्णिमेला गळ डब्यात, पंचशील घ्यायचं, खीर खायची. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे काठ्या घेऊन डोहावर. डोहात यंदा मोठी मरळ आहे, मी तिला वर येऊन श्वास घेताना पाहिलं आहे. तुझ्यासाठी ठेवली आहे.

फोन करत जाऊ नको, पैसे उडतात. फोनवरचं बोलणं हवेत जातं, पत्र उशाशी राहतं. सुलेखा बरी आहे, तिची लेक अंजली बाळंतपणाला आली आहे. लोभ आहेच, तो वाढवायला मात्र ये.

तुझे बाबा


सेंगकांग, सिंगापूर
१४ एप्रिल २००३

तीर्थरूप बाबांस,
जगदीशचा सविनय जयभीम.

तिकीट काढलं आहे, बाबा. मे महिन्याची रजाही साहेबांनी मंजूर केली. इकडे सार्सची साथ आहे, पेपरात वाचलं असेल. जुरोंग आयलंडला जाताना कंपनीच्या बसमध्ये चढण्याआधी ताप मोजतात, जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा मोजतात. मला काही झालेलं नाही, मी ठणठणीत आहे.

फक्त करमत नाही. प्रताप, माझा खोलीतला जोडीदार, घाबरून पुण्याला निघून गेला. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मी एकटा. लिफ्टमध्ये कोणी शिंकलं की सगळे भिंतीकडे तोंड करतात. रविवारभर माझ्या तोंडून एक शब्द निघत नाही, मग संध्याकाळी मी पुंगोलच्या जेट्टीवर जाऊन उभा राहतो. तिथे लोक समुद्रात गळ टाकून बसतात.

तिथे एक अंकल लिम भेटले, तुमच्याच वयाचे. त्यांची मुलगी कॅनडात असते. दर उन्हाळ्यात ते तिच्याकडे जातात आणि नदीवर सॅमन धरतात. हा मासा नदीत जन्मतो, समुद्रात मोठा होतो आणि अंडी घालायला पुन्हा त्याच नदीत येतो, म्हणे. यंदा मुलीनेच त्यांना येऊ नका म्हणून कळवलं. म्हणाले, मासेसुद्धा घरी जातात, आपल्यालाच जाता येत नाही. मी म्हटलं, मी जाणार आहे.

मरळीला सांगून ठेवा. ताईला नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
जगदीश


पवनी,
२५ एप्रिल २००३

चि. जगूस,
ताईचे आशीर्वाद.

हे पत्र बाबांना न सांगता लिहिते आहे. कसं लिहू कळत नाही, म्हणून सरळच लिहिते. तू आता येऊ नकोस.

अंजलीला मुलगा झाला. घरात ओली बाळंतीण, तान्हं पोर, आणि बाबांना होळीपासूनचा खोकला. टीव्हीवर रोज तुमचं सिंगापूर दाखवतात. सगळी गल्ली मला विचारते, तुझा भाऊ येणार का गं? पाणी भरायला गेले की बाया घागर उचलून बाजूला होतात. तुला काही झालेलं नाही हे मला ठाऊक आहे रे. पण पोराला उद्या साधी सर्दी झाली तरी मी तुला माफ करू शकणार नाही, आणि स्वतःलाही.

बाबांचे डोळे दिवाळीपर्यंत थांबतील असं मी मनाला समजावते. रागावू नकोस. रागावलास तरी लिहीत राहा.

तुझीच,
सुलेखाताई


पवनी,
१० जून २००३

चि. जगदीश यास,
बाबांचे आशीर्वाद व जयभीम.

सुलेखा लिहिते आहे, मी सांगतो आहे. तिने तुला येऊ नको म्हणून लिहिलं हे मला तू तिकीट परत केल्यावर कळलं. दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. मग बाळ मांडीवर दिलं तिने, काय बोलणार? तिचंही खरं होतं.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मी डोहावर गेलो. बांधावर पाय घसरला म्हणून सुलेखा मागोमाग आली. गळ टाकला आणि तिला विचारलं, तरंगा कुठं आहे? ती म्हणाली, समोरच तर आहे बाबा. मला सगळं पाणीच दिसत होतं. काठीला दोर गुंडाळला आणि घरी आलो.

आता साथ गेली म्हणतात, पण तुझ्या प्लांटचं मोठं काम निघालं, दिवाळीपर्यंत रजा नाही, असं तू कळवलंस. राहू दे. नोकरी आहे, सासुरवाडी नाही. तुझ्या त्या सॅमनचं मला काही कौतुक वाटलं नाही. घरी परतणाऱ्याच्या वाटेत गळ टाकून बसायचं, ही कसली माणसं? आमची मरळ बघ, डोह आटला तरी चिखलात पडून राहते.

तरंगा सोबत पाठवतो आहे, पुठ्ठ्यात बांधून. तुझ्याकडे डोळे आहेत, तू वापर. लक्षात आहे ना? पहिल्या बुडीला ओढायचं नाही. दुसऱ्या बुडीला ओढायचं. आणि काय झालं ते सगळं लिही, काही गाळू नको.

तुझे बाबा


सेंगकांग,
२९ जून २००३

तीर्थरूप बाबांस,
सविनय जयभीम.

तरंगा पोचला. एका बाजूने थोडा वाकला आहे, पण मोडला नाही. आज रविवार, तो घेऊन जेट्टीवर गेलो.

सांगितलंत तसं सगळं लिहितो. पाणी गढूळ हिरवं, ऊन मावळतीचं. अंकल लिमनी मला कोळंबीचा तुकडा दिला. तरंगा आधी आडवा पडला, मग हळूहळू उभा राहिला. काळं टोक वर. तो उभा राहिला आणि मला तुमच्या बिडीचा वास आला, खरंच सांगतो. बराच वेळ नुसता डोलत होता. मग टोक थरथरलं, जरा डावीकडे सरकलं. आणि बुडालं. मी ओढलं नाही. वर आलं. मी श्वास धरून उभा. मग दुसऱ्यांदा बुडालं, खोल.

बाबा, तेव्हा माझे डोळे असे भरून आले की मला काहीच दिसेना. अंकल लिम शेजारून ओरडत होते आणि माझा हात तसाच राहिला. मी यायला हवं होतं. कोणी काही म्हटलं असतं तरी गावाबाहेर, नदीच्या पलीकडच्या काठावर राहिलो असतो. तिथून तुम्हाला ओरडून सांगितलं असतं, तरंगा कुठं आहे ते.

आणखी लिहवत नाही. ताईला आणि बाळाला माझी आठवण सांगा.

आपला,
जगदीश


पवनी,
११ जुलै २००३

चि. जगूस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल आलं. नदी दुथडी भरली आहे, डोह कुठला ते ओळखू येत नाही. बाबांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. बाबांनी तुला काही गाळू नको म्हटलं होतं, म्हणून मीही गाळत नाही.

ओसरीवर बसून मी पत्र वाचत होते. त्यांच्या उजव्या हातात चहाची बशी. दुसऱ्यांदा बुडालं, खोल, असं मी वाचलं आणि त्यांचं मनगट एकदम वर उडालं. बशी अंगणात जाऊन फुटली. ते म्हणाले, “ओढ, जगू, ओढ.” मग चहाने भिजलेला सदरा तसाच ठेवून मला म्हणाले, पुढं वाच. पुढचं मला नीट वाचता आलं नाही.

रात्री पुन्हा वाचायला लावलं, आज सकाळीही. मी येऊ नको म्हटलं होतं, ते मला आता रोज टोचतं. दिवाळीची रजा पक्की कर. सगळ्या गल्लीला मी स्वतः सांगून ठेवते.

खालची ओळ बाबांची आहे. कागदावर हात ठेवून दे म्हणाले, पण धरू दिला नाही. अक्षरं एकमेकांवर चढली आहेत, म्हणून मी खाली पुन्हा लिहिते.

तुझीच,
सुलेखाताई

‘दिसत नसलं तरी ओढायचं, लेका. हाताला कळतं. मासा लागला होता का, ते लिही.’