पाठमोरा मोर

३ एप्रिल
लाकडाचे मोर कापून झाले एकदाचे. माझे डोळे गेले, मान गेली. दीक्षाच्या लग्नाचं कपाट – दोन दारं, दारागणिक एक मोर, समोरासमोर. वीस तारखेला अकोल्याला कुलदीपकडे, तिच्या सासरी पोचायला हवं.

मागच्या महिन्यात म्हणाली होती, "बाबा, थोडं थांबलो तं?" आता काय थांबायचं? पत्रिका छापून आल्या.

५ एप्रिल
विनियरचे, म्हणजे लाकडाचे पातळ, दोन पापुद्रे एकावर एक ठेवून करवत एकदाच फिरवायची. मग एक उलटायचा, की जोडी समोरासमोर येते. तीस वर्षं हेच करतोय. शिसमाचं अंग, हळदूचा पिवळा पिसारा. तुकडे जुळवून वरून कागदी पट्ट्या लावायचं काम दीक्षाचं. लहानपणापासून करते, हात माझ्याहून हलका. मी फक्त पट्टीची बाजू वर ठेवून दारावर चिकटवलं अन् प्रेसमध्ये घातलं.

७ एप्रिल
सत्यानाश! पट्ट्या काढल्या तर उजवा मोर पाठमोरा. डावा त्याच्याकडे बघतोय, हा भिंतीकडे. पट्टी भलत्या अंगाला लागली की असं होतं. चिकटवताना मीच बघायला हवं होतं. म्हातारा झालो, दुसरं काय.

मंजुषा दारातूनच म्हणाली, "लग्नाच्या कपाटावर पाठ फिरवलेला मोर? पाहुणे काय म्हणतीन? काढा तो." आई म्हणून तिचं बरोबरच आहे. दीक्षा आत गेली.

८ एप्रिल
सरस सैल करायला इस्त्री अन् ओला फडका. दिवसभरात वीतभर निघालं.

१० एप्रिल
पिसारा फाटला. हळदूच्या लाकडासाठी परतवाड्याला जाऊन आलो – एसटीत उभ्यानं. लग्नाचाच कंटाळा आलाय, खरं सांगायचं तर. दीक्षा दोन घास खाऊन उठते. विचारलं तर "काई नाई बाबा." नवऱ्या मुलींचं असतंच असं.

१२ एप्रिल
नवा मोर कापला, दीक्षाला पट्ट्या लावायला बसवलं. तिनं पट्टी खाली ठेवून दिली. मग म्हणाली, "बाबा, तो मोर मीच उलटा लावला होता. मुद्दाम. वाटलं, तुमी इचारसान, काहून केलं म्हणून. तुमी तं सोतालेच बोल लावत बसले. मले त्या घरी नाई जायचं."

उद्या पहिल्या गाडीनं अकोल्याला जातो. कुलदीपच्या वडिलांना हे फोनवर सांगणं बरं नाही.