तिथं अजून कालच आहे

१० नोव्हेंबर १९९३, बुधवार

नाक कापलं गेलं! काल एकादशीच्या भजनाला मृदंगच नाही. मंडळी जमली, समया लागल्या, आणि स्वामीनाथ बेपत्ता. बेपत्ता कसला — त्याला निरोप द्यायचं काम माझं, आणि मी तो दिलाच नव्हता. कुंभकोणच्या मराठी भजन मंडळीचा सेक्रेटरी म्हणे! शेवटी टाळ्यांवर भजन उरकलं. भजन सांगणारे सेतूराव माझ्याकडे बघून नुसते हसले. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर लक्ष्मीला सांगितलं. बायकोच ती, तिला कसली दया येते! म्हणाली, "मी पदराला गांठ मारतें, तसें उपरण्याला मारावें हो."

उपरणं उघडून बघितलं. तीन गाठी आधीच होत्या. कशाच्या, देव जाणे!

११ नोव्हेंबर

अमेरिकेहून जयाचं पत्र आलं. जानेवारीत बाळंतपण आहे. तब्येत बरी. डॉक्टरनी विश्रांती सांगितली आहे, म्हणून रोज आरामात आठला उठते.

आणि शेवटी एक ओळ — "अप्पा, आई फोनवर नुसतं 'हं' म्हणाली तरी मला पुरेल."

दोन वर्षं झाली. जयानं तिथं एका पंजाबी मुलाशी लग्न केलं, आम्हांला नंतर कळवलं, आणि त्या दिवसापासून लक्ष्मीनं पोरीचं नाव टाकलं. रडली नाही, ओरडली नाही. नुसतं टाकलं. मी महिन्यातून एकदा बूथवर जाऊन फोन करतो. कुठं चाललात, असंही ती विचारत नाही.

आजचं पत्र मी बैठकीत मोठ्यानं वाचलं, भिंतीला ऐकवावं तसं. स्वयंपाकघरात नारळ खवण्याचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला. मी विचारलं, "उत्तर काय लिहूं?"

"वांगीं किडकीं निघालीं," म्हणाली.

१४ नोव्हेंबर, रविवार

काल दिवाळी. आज फराळाला सेतूरावांकडे गेलो होतो. त्यांचा जावई मद्रासहून आला आहे. त्याच्या खिशात एक चीज पाहिली — अजून डोळ्यांसमोरून जात नाही! डिजिटल डायरी म्हणतात. तळहाताएवढी. चष्म्याच्या डबीसारखं झाकण उघडायचं. खाली बटणं, वर करडी काच, आणि बटण दाबलं की काचेवर अक्षरं उगवतात. उगवतात हाच शब्द! आधी काही नसतं, आणि मग असतं.

जावयानं त्यात लिहिलं — SWAMINATH, MRIDANGAM. दोन मिनिटांनंतरची वेळ लावली आणि यंत्र टीपॉयवर ठेवून दिलं. आम्ही चकल्या खात बोलत बसलो, विसरूनही गेलो. आणि ते बोललं! टीं टीं टीं! माणूस विसरला तरी विसरत नाही, रागावत नाही, किडक्या वांग्यांचा विषय काढत नाही.

असलं एक मला हवं.

१६ नोव्हेंबर, मंगळवार

महामहम तळ्याजवळ त्यागराजचं घड्याळांचं दुकान आहे. हल्ली तो या डायऱ्याही ठेवतो. काचेवर तीन मांडल्या.

पहिली म्हणजे जाडजूड पंचांगच. "सार्, ह्यात दीड हजार नंबर बसतात." अरे, माझ्या ओळखीच्या माणसांत फोन असलेली बोटांवर मोजण्याइतकी! दुसरीत खेळ, राशी, आज तुमचं मन कसं राहील याचा आलेख. माझं मन कसं राहील हे मला लक्ष्मीच्या चेहऱ्यावरून सकाळी सहालाच कळतं. त्याला यंत्र कशाला?

तिसरी सगळ्यांत लहान, सगळ्यांत साधी. नंबर, टिपण, ठरलेल्या दिवशी वाजणारी आठवण, आकडेमोड. बस. त्यागराज ती परत ठेवणारच होता. सहज म्हणाला, "आणि हे एक बटण आहे, परगावची वेळ दाखवतं. कोणाला लागतं!"

मी म्हटलं, दाखव.

त्यानं बटण दाबलं. लंडन आलं, कैरो आलं, तोक्यो आलं. मग तीन अक्षरं आली — NYC. न्यूयॉर्क. जया तिथून तासाभराच्या वाटेवर राहते, वेळ तीच. काचेवर उगवलं : मंगळवार, सकाळचे सहा वाजून दहा. दुकानात तेव्हा पाच वाजायला आले होते. बाहेर लोक दिवाळीनंतरची वांती-जुलाबाची औषधं घेत होते.

तीस वर्षं मी भूगोल शिकवला. पृथ्वी फिरते, इथं संध्याकाळ तिथं सकाळ — मेणबत्ती आणि संत्रं घेऊन दरवर्षी शिकवलं, आणि तास संपल्यावर संत्रं खाल्लं. खरं सांगू? आज पहिल्यांदा विश्वास बसला. त्या क्षणी जया झोपलेली होती. कुशीवर. हे मला कुंभकोणात, त्यागराजच्या दुकानात, उभ्याउभ्या ठाऊक होतं! डोळे भरून आले. त्यागराजला वाटलं किंमत ऐकून.

तिसरी घेतली. सेतूरावांना सांगितलं — मंडळीच्या कामासाठी.

१७ नोव्हेंबर

सकाळी सहाला लक्ष्मीला यंत्र दाखवायला गेलो. ती स्नान करून मडीचं, म्हणजे सोवळ्याचं, लुगडं नेसलेली. मडीत असली की नैवेद्य होईपर्यंत ती माझ्या चष्म्यालासुद्धा शिवत नाही. "तें दूर धरा! प्लास्टिक कीं काय तें."

मी दूर धरूनच दाखवलं. "हें बघ, एन वाय सी. म्हणजे न्यूयॉर्क. तिथं अत्तां संध्याकाळचे साडेसात. आणि वार बघ — मंगळवार! आपला बुधवार उजाडला, तिथं अजून कालच आहे!"

तिनं बघितलं. इंग्रजी अक्षरं तिला येतात, आठवीपर्यंत शिकली आहे. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "काल संपला नाहीं, तर काल केलेलें परत घेतां येतें कां?"

भूगोलात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

दुपारी नंबर भरत बसलो. स्वामीनाथच्या शेजाऱ्यांचा, सेतूरावांचा, आणि जयाचा. जयाचा म्हणजे मारुतीचं शेपूट! बारीक बटणं, जाडी बोटं. एकेक आकडा मोठ्यानं म्हणत दाबला. तीनदा चुकलो, तीनदा पहिल्यापासून. लक्ष्मी पाठमोरी बसून भाजी निवडत होती. म्हणाली, "नव्याचे नऊ दिवस."

२० नोव्हेंबर

यंत्र वाजलं. लगेच उठून स्वामीनाथकडे निरोप देऊन आलो. एकादशीला चार दिवस आहेत अजून! तो दारात उभा राहून माझ्याकडे संशयानं बघत होता.

२२ नोव्हेंबर, सोमवार

गंमत झाली. काल संध्याकाळी रेडिओवर लंडनचं नाव आलं म्हणून मी यंत्रात लंडन लावलं आणि ते तसंच कोनाड्यात ठेवलं. आज स्नानानंतर उघडतो तर NYC! मीच बदललं असेन. उपरण्याच्या गाठी विसरणारा माणूस मी.

२५ नोव्हेंबर

काल एकादशी. भजन असं रंगलं की काय सांगू! स्वामीनाथच्या हातांत काल काही वेगळंच होतं. ऐन नामावळीत माझ्या खिशातून टीं टीं टीं. मंडळी दचकली, मग हसत सुटली. सेतूराव म्हणाले, "विजयराघव, तुमचें यंत्र तालाला पक्कें आहे, तुमच्यापेक्षां."

पण घरी एक नवीनच. लक्ष्मी हल्ली दिवा उशिरा लावते. आमच्याकडे दिवस मावळताना देवापुढं दिवा लागलाच पाहिजे, लग्नापासून कधी चुकलं नाही. आता साडेसहापर्यंत देवघरात अंधार! आज बोललो. म्हणाली, "दिवा मी लावतें कीं तुम्ही?"

२६ नोव्हेंबर

रात्री मुद्दाम तोक्यो लावून ठेवलं. लक्षात ठेवून. सकाळी NYC.

२७ नोव्हेंबर

कैरो लावलं. सकाळी NYC! बटणांच्या फटीत तुळशीची वाळकी काडी अडकलेली मिळाली. खिशात प्रसाद ठेवतो ना मी, त्यातली असेल. काडीमुळं बटण दाबलं जात असावं. काढून टाकली.

२८ नोव्हेंबर

काडी नाही, तरी NYC.

२९ नोव्हेंबर, सोमवार

त्यागराजकडे गेलो. त्यानं भिंग लावून यंत्र तपासलं, सगळी बटणं दाबली, अर्धा तास शहर बदलून ठेवून दिलं. शहर जागचं हललं नाही. "यंत्र उत्तम आहे सार्. घरात दुसरं कोणी हात लावतं?"

"आम्ही दोघंच. मी, आणि माझी बायको. ती तर लांब धर म्हणते."

"मग बदलून ती मोठी घ्या. दीड हजार नंबर!"

नाही म्हटलं आणि यंत्र छातीशी धरून घरी आलो. वाटेत काय वाटलं ते इथंच लिहितो, सेतूरावांना सांगण्यासारखं नाही. वाटलं, या यंत्रालाही जयाची ओढ लागली. त्याला कैरो नको, तोक्यो नको. रोज पहाटे फिरून तिच्याच दारात जाऊन बसतं. भूगोलाचा मास्तर मी, अशा गोष्टीवर विश्वास ठेवू नये. पण ठेवला. रस्त्यात हात जोडावेसे वाटले.

१ डिसेंबर

बूथवरून जयाला फोन केला. आवाज थकलेला. म्हणाली, "अप्पा, आईला सांगितलंत? ती काय म्हणाली?" मी म्हटलं, लाइन नीट येत नाही.

लाइन अगदी स्वच्छ होती.

परतताना मनात आलं, आता जानेवारी उजाडेल, मूल होईल, आणि लक्ष्मी भाजीबद्दलच बोलत राहील. मायेची आठवण करून देणारं यंत्र अजून कोणी काढलेलं नाही.

३ डिसेंबर, शुक्रवार, सकाळ

आज लवकर जाग आली. पाचच वाजले होते. पाणी प्यायला उठलो आणि बैठकीच्या दारात थबकलो.

लक्ष्मी कोनाड्यापुढं उभी. केस ओले, अंगावर मडीचं लुगडं. एका हातात समई. दुसऱ्या हातात तुळशीची वाळकी काडी — वृंदावनातली, मडीला चालणारी! हात न लावता, काडीनंच झाकण उचलून, तिच्या टोकानं यंत्राचं बटण दाबत होती. एकदा. पुन्हा एकदा. प्रत्येक शहरापाशी थांबून अक्षरं जुळवत, ओठ हलवत. मी काल लावलेलं लंडन गेलं, आणखी कुठली कुठली गावं गेली, आणि NYC आलं. तेव्हा कुठं तिचा हात थांबला. समई उंच धरून तिनं काच वाचली, आणि देवघरातल्या पंचांगालासुद्धा केला नसेल असा नमस्कार केला.

मागं वळली. मी दिसलो.

"हें काय करूलालीस?" मी विचारलं.

ती लाजली नाही, चिडली नाही. "तिथें अत्तां कालची संध्याकाळ आहे. साडेसहा. घरीं आली असंल ना हो ती? अंधारांत पाय जपून टाकत असंल ना?"

मी मान हलवली. मग सुचलं आणि विचारलं, "आणि आपल्याकडे दिवा उशिरा कां लागतो?"

"आपल्या साडेसहाला तिथें आठ. आठाला उठते ती. आधीं लावला तर पोर झोपलेली असते. देवापुढें तिचें नाव घ्यायचें, तेव्हां ती जागी नको?"

दोन वर्षं नाव टाकलेलं! आणि हिला मी वाजणाऱ्या डबीची महती सांगत होतो!

३ डिसेंबर, संध्याकाळ

साडेसहाला दिवा लागला. लक्ष्मीनं लुगडं बदललं आणि चपला घालून माझ्याआधी दारात उभी राहिली. बूथवर मी यंत्र काढलं, नंबर शोधायला लागलो. तेवढ्यात तिनं बूथवाल्याला सगळा नंबर सांगूनही टाकला. शून्य शून्य एकपासून शेवटच्या आकड्यापर्यंत. पाठ. न अडखळता.

पलीकडे उचलला. ती म्हणाली, "उठलीस कां गे?"