घशातली माणसं

४ मार्च

आलो एकदाचा! थिएटरच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या मालकांनी राहायला दिल्या आहेत. पलंग, लोखंडी कपाट, खिडकीपाशी टेबल, आणि एक बेसिन. नळ सोडला की भिंतीतून कुणीतरी चूळ भरल्यासारखा आवाज येतो. मला तर जागा आवडली बुवा. इतकी वर्षं कंपन्यांच्या पार्ट्या, वाढदिवस, गाड्यांच्या शोरूमची उद्घाटनं करत हिंडलो. लोक जेवत असायचे आणि मी त्यांच्या ताटांसमोर उभा राहून सिनेमातल्या हिरोसाहेबांचा आवाज काढायचो. एकदा तर कुणीतरी मला वेटर समजून पाणी मागितलं, आणि मी ते हिरोसाहेबांच्याच आवाजात आणून दिलं. आता लोक तिकीट काढून, माझ्याकडे तोंड करून बसणार.

मालक गोलमटोल आणि हसरे आहेत. विनोद सांगतात आणि तो संपायच्या आत स्वतःच हसतात. माझ्या आधीचा नकलाकार का गेला म्हणून विचारलं, तर म्हणाले, घसा बसला त्याचा, आता भावाकडे असतो. आमच्या धंद्यात घसा बसणं म्हणजे शिंप्याच्या बोटाला सुई टोचणं. मी काही मनावर घेतलं नाही.

आमच्या लेकीची, ठकूची, परीक्षा संपली की ही तिला घेऊन येईल. तोवर पडदे लावून ठेवायचे आहेत. हिला उघडी खिडकी चालत नाही.

७ मार्च

पहिला प्रयोग झाला. इथे खरं लिहायला हरकत नाही: माझ्या नकला बऱ्या असतात, हुबेहूब नसतात. हिरोसाहेबांचा खर्ज मला कधीच लागला नाही, नेहमी जरासा नाकात जायचा. लोक हसतात ते ओळख पटते म्हणून.

आज माइकसमोर उभा राहिलो, पहिली ओळ म्हटली आणि खर्ज अगदी हुबेहूब लागला. मागच्या रांगेतल्या एका बाई तर वळून दाराकडे पाहायला लागल्या, खरेच आले की काय म्हणून. मग जी टाळी पडली! मालकांनी विंगेत मला मिठी मारली. म्हणाले, या सभागृहाचा गुणच आहे तो, इथे आवाज चांगला लागतो.

लगेच हिला फोन केला. चाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा मला माझी कला आली.

१२ मार्च

पेपरात बातमी आहे. हिरोसाहेबांचं शूटिंग बंद पडलं. संवाद म्हणता म्हणता आवाज गेला, डॉक्टरांना कारण सापडत नाही. बिचारे. संध्याकाळी मी त्यावरच सुरुवात केली: "साहेबांचा आवाज हरवलाय म्हणे. काळजी करू नका, माझ्याकडे ठेवलाय." लोक पोट धरधरून हसले.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, झालं.

१८ मार्च

परवा नवी नक्कल केली, क्रिकेटची कॉमेंट्री करणाऱ्या मास्तरांची. तो त्यांचा उसासा, ते चेंडू सीमेपार गेल्यावर आवाजाला फुटणारे पंख, सगळं आपोआप आलं. तालीमसुद्धा केली नव्हती.

आज सामना ऐकत होतो. मास्तर बोलता बोलता अर्ध्या वाक्यात थांबले. मैदानाचा गलका ऐकू येत राहिला, मास्तर नाहीत. बऱ्याच वेळाने दुसऱ्याच कुणीतरी पुढचं वर्णन सुरू केलं.

मालकांना सांगितलं, तर हसून म्हणाले, "अरे, तुझी दृष्ट लागते की काय लोकांना!" मीही हसलो. पण हसणं घशाखाली उतरलं नाही.

२२ मार्च

दाढी करत होतो. तोंडावर फेस, ओठ मिटलेले. ते उघडले आणि हिरोसाहेबांच्या आवाजात कुणीतरी अगदी थकून म्हणालं, "माझ्या गोळ्या कुठे ठेवल्यास गं?"

हे वाक्य त्यांच्या एकाही सिनेमात नाही. मी त्यांचे सगळे सिनेमे पाठ केले आहेत. मी नक्कल करत नव्हतो. ते बोलत होते.

नकला बंद करायचं ठरवलं, कानाला खडा. संध्याकाळी नुसते माझे विनोद सांगितले. कुणी हसेना. मग मागून एकजण ओरडला, "हिरोसाहेब!" आणि सगळे ओरडायला लागले. मी दात आवळले होते. तरी जबडा उघडला. कुणीतरी आतून दार ढकलावं तसा.

२५ मार्च

काय केलं मी हे.

दुपारी घरी फोन केला. ठकू म्हणाली, "बाबा, माझी नक्कल कर ना." नको म्हटलं. ती रुसली. म्हणाली, सगळ्यांची करतोस, माझीच नाही करत. तिचा रुसवा मला कधीच सोसत नाही. एकच वाक्य केलं: "मी नाही झोपणार, अजून उजेड आहे!"

ती खुदकन हसली. हसणं मधेच तुटलं.

मला वाटलं, फोन कट झाला. मग ही फोनवर आली आणि विचारायला लागली, काय बोललात तिच्याशी? तोंड उघडते आहे, रडते आहे, आवाजच येत नाही तिचा.

२६ मार्च

डॉक्टर म्हणतात, घशात काही दोष नाही. घाबरली असेल.

ही तिला घेऊन इकडे निघाली आहे. येऊ नका म्हणून सांगायला फोन उचलला. तोंडातून मास्तर बोलायला लागले. ठेवून दिला.

२८ मार्च

आल्या. ठकू मला घट्ट चिकटली. मी ओठ मिटूनच तिला उचललं. हिला वाटलं, मी चिडलो आहे.

जेवताना ते झालं. माझं तोंड उघडलं आणि ठकूचा आवाज आला — "बाबा, इथे खूप माणसं आहेत. सगळे एकदम बोलतात. मला बाहेर काढ ना."

समोर बसलेल्या ठकूचे ओठ हलत होते. शब्दाला शब्द जुळत होता.

हिच्या हातातलं ताट खाली पडलं. मग मी हिला सगळं लिहून सांगितलं. म्हणाली, मला कारणं नका सांगू, उपाय सांगा. ती उठली, ठकूला मांडीवर घेऊन खिडकीशी बसली, आणि माझ्याकडे पाठ केली.

३० मार्च

लेकीला वाटलं, बाबा उदास आहे.

माझे बूट घालून आली. पाय फेंगडे टाकत, भुवई खाजवत, अगदी मी विंगेतून येतो तशी. मला हसू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. तिला आणखी चेव आला. कमरेवर हात ठेवून तिने तोंड उघडलं —

"नमस्कार मंडळी!"

माझा आवाज. चाळिशीतल्या बाप्याचा, घोगरा, सिगारेटनं खरवडलेला, माझा.

सुईतून दोरा निसटावा तसं घशातून काहीतरी सरसरत गेलं. आता माझ्याकडे आवाज नाही. कण्हताही येत नाही. आत सगळं शांत आहे.

सगळे तिच्याकडे गेले. साहेब, मास्तर, मी. तिचा स्वतःचा आवाज सगळ्यांत मागे, दबून. सहा वर्षांच्या गळ्यात.

३१ मार्च, सकाळ

मालकांनी जिन्यात तिचं बोलणं ऐकलं. डोळे पुसत हसले. म्हणाले, पोरीला उद्या स्टेजवर उभी करू. हिने त्यांच्या तोंडावर दार लावलं. बॅगा भरते आहे.

मला कळलं आहे. ठकूने आवाज नसताना माझी नक्कल केली आणि माझं सगळं ओढून घेतलं. मग मीही तिची करायची. येऊ देत सगळे परत. माझ्यात राहू देत जन्मभर. पोर सुटली म्हणजे झालं.

दुपार

केलं. स्टुलावर बसलो, पाय हलवले, केसांची बट बोटाला गुंडाळली, खालचा ओठ पुढे काढला. ती बघत राहिली. घशात गुदगुल्या झाल्या. "बा —" आलं, तिचंच —

मग तिने हळूच मान हलवली. नाही म्हणून. साहेबांच्या आवाजात म्हणाली,

"इथे बरं आहे. जागा नवी आहे. अजून वाढणार आहे."

३१ — नंतर

ही धावत आत आली. कडी लावली. ठकू बाहेर आहे.

विचारलं, खुणेनं, काय झालं. तोंड उघडते. आवाज नाही. दोन्ही हातांनी गळा धरला आहे —

दाराबाहेर हिचाच आवाज. "अहो, दार उघडा ना. ठकू रडतेय."

ही माझ्यासमोर उभी आहे. मान हलवते आहे. नको, नको —

आता मास्तर. आता मी. मीच मला हाक मारतो आहे. सगळे एकदम — आणि खूप मागून, बारीक, "बाबा, अंधार आहे इथे" —

ही हात धरून ओढते आहे. पण ती त्या सगळ्यांत एकटी आहे. कडी काढतो. मी तिचा बा —