भुलीनंतर

सिंदेवाही, ता. १२ जाने. १९५५
सात आठवड्यांनी शाळेत. अंतर्गळाच्या ऑपरेशनची जखम भरली, चालता येतं. चौथीला औटकी, साडेतीनचा पाढा, म्हणून दाखवताना तेराजवळ अडलो. पुढचं काही येईचना. वीस वर्षं हेच शिकवतो आहे. खोकल्याचं निमित्त केलं.

ता. १९
चांद्याला डॉ.ना विचारलं. भूल दिल्यावर काहींचं असं होतं म्हणाले. वय असेल, अशक्तपणाही. किती दिवस, ते त्यांनाही सांगता येईना. रोजचं लिहीत जा म्हणाले. सरूला बोललो नाही. माझी बायको आधीच कमी खाते, कमी झोपते.

ता. ११ फेब्रु.
सरूच्या पोटात गाठ आहे. काढावीच लागेल, होळीच्या आत. परतताना गाडीत तिनं एवढंच विचारलं, "भूल देतेत तवा कसं वाटते?"
झोप लागते म्हटलं. बाकीचं गिळलं.

ता. १३, रवि.
खरं सांगितलं तर ही जायची नाही. न सांगता नेलं तर...

ता. १४
सांगितलं. पाढे, माणसांची नावं, सगळं. ती लाखोरीची डाळ निवडत होती.
"मले माहीत हाय," म्हणाली. "परवा आपल्या पोरीचं नाव घेता घेता तुमी थांबले. मी मान वर नाई केली."
पोरगी वरोऱ्याला दिलेली. तिचं नाव! आणि हिनं एकटीनं हे मनात ठेवलं. मी मोठा गुपित राखणारा.
गाठ ठेवूनही चालणार नाही, हेही सांगितलं. विचार करते म्हणाली.

ता. २०
जाणार म्हणते. मी इसरली तर वाचून दाखवा, मले लिहिता येत नाई, तुमीच लिहा म्हणाली. आठ पानं झाली. धानाचं बी कुठल्या कणगीत, पोरीला कुठलं औषध सोसत नाही. मधेच थांबून हसली. लग्नात मी तिच्या पायावर पाय दिला होता, तेही लिहायला लावलं. मला आठवत नव्हतं. हे भुलीमुळे की आधीपासूनच, कोण जाणे.

चांदा, ता. २ मार्च
साडेनऊला आत नेलं. बाराला बाहेर. गाठ निघाली. डॉ. समाधानी.

ता. ३
शुद्धीवर आली. पाणी मागितलं. बराच वेळ माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाली, "बसा ना, मास्तर."
घरी ती मला मास्तर कधीच म्हणत नाही. थट्टा असेल. विचारायचा धीर होत नाही. बसलो आहे.