अकरांत एक

दादा,

कारखान्याच्या गेटवर माझी वास काढणारी कुत्री तुझ्यापुढे बसली, म्हणजे गांजाचा वास आल्याची तिची खूण. तुझ्या पिशवीत गांजा सापडला नाही, तरी "ही शंभरात एकदाच चुकते," म्हणत मीच तुझ्याविरुद्धच्या कागदावर सही ठोकली. तुझी नोकरी गेली, तू घर सोडलंस.

हिशेब आत्ता सुचतोय. हजार कामगारांत गांजावाला असेल एखादाच. उरलेल्यांपैकी दहाजणांपुढे ती उगाचच बसणार. म्हणजे ती ज्यांच्यापुढे बसेल त्या अकरांत खरा एक! अक्कल कुठे गहाण टाकली होती रे मी?

वहिनी मला दारातूनच हाकलते. तुझा पत्ता तिलाही ठाऊक नाही. हे पत्र टाकू कुठे?

काल कुत्री माझ्याच पुढ्यात बसली. सगळे पोट धरून हसले. माझी पिशवी कुणी उघडलीसुद्धा नाही.

तुझाच म्हणवत नाही,
धाकटा